काडीकचरा आणि बुरशीपासून शेतातली बांधकामं: नव्यानं सुरुवात करणाऱ्यांसाठी

बुरशीची वीट, बुरशीचं पॅनेल याबद्दल वाचून हुरूप येतो, आणि मग बहुतेक जण थेट भिंत बांधायच्या गोष्टी करू लागतात. जरा थांबा. जी बुरशी भुशाचे कण एकमेकांना घट्ट चिकटवून त्याचं हलकं, ऊन अडवणारं पॅनेल बनवते, तीच लाकूड, बांबू आणि पेंढा कुजवतेही. आपण तिला मध्येच, काम अर्धवट असताना थांबवतो, एवढाच फरक. ते थांबणं कशामुळे टिकतं? फक्त कोरडेपणामुळे. पुन्हा ओल मिळाली की ही बुरशी नाही तर दुसरी कुठली तरी, पण कुजणं पुन्हा सुरू होतंच.

म्हणून पहिला प्रश्न ‘काय बनवू?’ हा नाही. ‘कुठे वापरू, आणि तिथे ते किती दिवस टिकायला हवं?’ हा आहे.

शेतातल्या जागांचे या हिशेबानं सरळ तीन भाग पडतात. छपराखालची, जमिनीपासून उचललेली जागा: गोदामाच्या छताची आतली बाजू, पंपघराची भिंत, खुराड्याचं आढं. इथे पेंढा आणि बुरशीची पॅनेलं वर्षानुवर्षं राहू शकतात. दुसरी, पावसाचा शिडकावा लागणारी पण पाणी न साचणारी जागा. तिथे चुना-मातीचा गिलावा आणि रुंद वळचण असेल तरच जा. तिसरी म्हणजे थेट मातीला टेकणारी. तिथे काडीकचऱ्याची कुठलीही वस्तू एक-दोन हंगामांची पाहुणी आहे, आणि काही कामांना नेमकं तेच हवं असतं. त्याबद्दल शेवटी.

हाताशी कोणता कचरा आहे ते बघा

सगळा काडीकचरा सारखा नसतो. गव्हाचं काड आणि भाताचा पेंढा आतून पोकळ, म्हणून ऊन-थंडी अडवायला उत्तम. पऱ्हाट्या, तुरीच्या काट्या, मक्याची बुरकुंडं यांत लाकडाचा अंश जास्त; बारीक केल्यावर बुरशीसाठी झकास. लाकडाचा भुसा चांगलाच, पण प्लायवूड किंवा रंग दिलेल्या लाकडाचा नको. उसाची चिपाडं वापरता येतात, फक्त त्यांत उरलेली साखर नको त्या बुरशीला आमंत्रण देते, त्यामुळे आधी भरपूर धुवावी लागतात.

भाताचं तूस हे या सगळ्यांत वेगळं. त्यात सिलिका इतकी असते की ते सहजासहजी कुजत नाही. जाळलं तर वजनाच्या साधारण पाचवा भाग राख उरते आणि त्या राखेत बहुतांश सिलिकाच असते. ही राख बारीक दळून चुन्यात मिसळली की गिलावा अधिक घट्ट होतो. न जाळता, दोन फळ्यांच्या मधल्या पोकळीत तूस नुसतं ठासून भरलं तरी उष्णता बऱ्यापैकी अडते. कालांतरानं ते खाली बसतं, म्हणून वरून भर घालायला झाकण ठेवा. ज्यांना बुरशीच्या भानगडीत पडायचंच नाही, त्यांनी खुशाल इथून सुरुवात करावी. मला तर हा पर्याय उगाच दुर्लक्षिलेला वाटतो. एकच ध्यानात असू द्या, तूस भडकत नाही पण आतल्या आत धुमसत राहतं, तेव्हा चुलीच्या किंवा विजेच्या जोडण्यांच्या जवळच्या भिंतीत ते नको.

कुठलाही कचरा घ्याल तो कोरडा, वास न येणारा, मागच्या पावसात न भिजलेला असावा. काळपट पडलेला पेंढा खताच्या ढिगावर टाका. त्यात आधीच दुसऱ्या बुरश्या नांदत असतात.

पहिलं पॅनेल

30 सेंमी लांब, तेवढंच रुंद आणि 5 सेंमी जाड अशी दोन पॅनेलं करायचं ठरवू. साचा म्हणून सपाट तळाचे प्लास्टिकचे ट्रे चालतात. वाळताना पॅनेल थोडं आकसतं, म्हणून साचा हव्या त्या मापापेक्षा किंचित मोठा घ्या.

बुरशी कोणती? व्यावसायिक पॅनेलांसाठी बहुधा गॅनोडर्मा किंवा ट्रॅमेटिस वापरतात, कारण त्यांच्या तंतूंचं जाळं चिवट होतं. पण नवख्या माणसानं धिंगरी अळिंबीपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. तिचं बियाणं, म्हणजे धान्याच्या दाण्यांवर वाढवलेली बुरशी (स्पॉन), सहज मिळतं, ती झपाट्यानं वाढते आणि थोडी हयगयही पोटात घालते. पॅनेल गॅनोडर्माइतकं कणखर होत नाही, पण हात बसायला पुरेसं होतं.

साधारण सव्वा किलो कोरडा कचरा घ्या: निम्मं काड, दोन-तीन सेंमी लांबीचं कापलेलं, आणि निम्मा लाकडाचा भुसा किंवा दळलेल्या पऱ्हाट्या. नुसता बारीक भुसा घेतला तर आत हवा खेळत नाही, नुसतं काड घेतलं तर पॅनेल ठिसूळ होतं. कापताना धूळ उडते, तोंडाला मास्क लावा.

हा कचरा आता निर्जंतुक नव्हे, पण निदान स्वच्छ करायचा आहे. सर्वांत भरवशाची रीत म्हणजे गरम पाणी. कचरा कापडी पोत्यात भरून, वर वजन ठेवून पिंपात पूर्ण बुडवायचा आणि पाणी 70 ते 80 अंश सेल्सिअसवर तास-दीड तास राखायचं. उकळी आणायची नाही. या तापमानाला उपद्रवी बुरश्या आणि किडींची अंडी बहुतांशी मरतात, पण उष्णता सोसणारे काही निरुपद्रवी जिवाणू वाचतात आणि ते नवीन घुसखोरांना जागा देत नाहीत. सरपण वाचवायचं असेल तर कळीच्या नव्हे, विरलेल्या चुन्याच्या निवळीत 12 ते 18 तास भिजवण्याचीही पद्धत आहे. त्यात पाण्याचा सामू 12 च्या आसपास लागतो. मॅग्नेशियम जास्त असलेला चुना इथे उपयोगाचा नाही. आणि हातमोजे, चष्मा घातल्याशिवाय त्या पाण्यात हात घालू नका.

मग निथळणं. इथेच निम्मी कामं बिघडतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. कचरा स्वच्छ जाळीवर पसरून थंड होऊ द्या. मग एक मूठ घेऊन जोरात पिळा. बोटांच्या फटीतून एक-दोन थेंब आले तर ओल बरोबर. धार लागली तर अजून निथळू द्या. हात नुसताच दमट झाला तर पाण्याचा हबका मारा. आकड्यांत सांगायचं तर एकूण वजनाच्या 60 ते 65 टक्के पाणी हवं. म्हणजे एक किलो कोरडा कचरा निथळल्यावर साधारण अडीच ते 2.85 किलो भरतो. तराजू असेल तर मुठीचा अंदाज त्यावर एकदा ताडून बघा, नंतर हातालाच कळायला लागतं.

कचरा हाताला गार लागला की स्पॉन मिसळायचं. गरम असताना मिसळलं तर बियाणं मेलंच समजा. प्रमाण ओल्या वजनाच्या दहा टक्के, म्हणजे आपल्या मापाला 300 ग्रॅमच्या आसपास. अळिंबीचं पीक घेणारे यापेक्षा कमी वापरतात, पण आपल्याला बुरशी लवकर पसरायला हवी आहे, काटकसर नंतर करता येईल. त्याआधी हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, टेबल आणि भांडी 70 टक्के अल्कोहोलनं पुसा, पंखा बंद करा.

मिश्रण स्वच्छ प्लास्टिक पिशवीत भरून, पिशवीला बारीक भोकं पाडून, 22 ते 27 अंशांच्या अंधाऱ्या खोलीत ठेवा. तीन-चार दिवसांत दाण्यांभोवती पांढरे पुंजके दिसतात, आणि दहा ते चौदा दिवसांत सगळी पिशवी पांढरी होते. वास पावसाळी रानमातीसारखा, किंचित गोडसर असला पाहिजे. आंबूस वास आला तर ओल जास्त झाली. हिरवा डाग म्हणजे बहुधा ट्रायकोडर्मा ही घुसखोर बुरशी; नारिंगी किंवा काळा डाग म्हणजे आणखी दुसरं कोणी. अशी पिशवी घरात उघडू नका, चांगला भाग वाचवायच्या मोहात तर मुळीच पडू नका. बाहेर लांब नेऊन पुरून टाका.

पिशवी पांढरी झाली की बरेच जण तसंच्या तसं वाळवतात. पॅनेल घट्ट हवं असेल तर आणखी एक पायरी आहे. पिशवी बाहेरूनच चोळून आतला गोळा पुरता मोकळा करा. किलोमागे 30 ग्रॅमच्या हिशेबानं गव्हाचं पीठ घाला आणि साच्यात भरा. तुटलेले तंतू पुन्हा जोडले जाताना जाळं आधीपेक्षा दाट होतं. पीठ याहून वाढवू नका, नाहीतर पंगतीला हिरवी बुरशी आधी बसते. भरताना कोपरे आणि कडा बोटांनी दाबून घ्या, मधला भाग तळहातानं. कडेला पोकळी राहिली की नंतर तिथूनच पॅनेल झडतं. वर प्लास्टिकचा पातळ कागद ताणून लावा, त्याला दर दोन-तीन सेंमीवर टाचणीनं भोकं पाडा.

पाच ते सात दिवसांत पॅनेल साच्यातून सुटं होतं. बाहेर काढून उलटं करा आणि सैल प्लास्टिकखाली एक-दोन दिवस ठेवा, म्हणजे सगळ्या बाजूंनी मऊ पांढरी साल धरते. ही साल आत पाणी शिरण्याचा वेग कमी करते. याहून जास्त दिवस ठेवू नका. उजेड आणि मोकळी हवा मिळाली की धिंगरीला फळं धरायला लागतात, मग पॅनेलचा कस फळांत जातो आणि बीजाणूंची धूळ सुटते. बंद खोलीत ही धूळ रोज छातीत जाणं फुप्फुसांना वाईट. पॅनेल करताना पीक घ्यायचं नसतं, हे मनाला बजावून ठेवा.

वाळवणं आणि मारणं या दोन गोष्टी आहेत

उन्हात वाळवलं की पॅनेल हलकं होतं, टणक होतं, आणि बुरशी झोपते. मरत नाही. असं पॅनेल बांबूच्या सांगाड्यात बसवलं आणि कधी छप्पर गळलं, तर ती जागी होऊन शेजारचा बांबू खायला लागते. म्हणून आधी जाळीवर, वाऱ्याला, एक-दोन दिवस वाळवा. मग भट्टीत किंवा मोठ्या ओव्हनमध्ये 80 अंशांच्या आसपास काही तास ठेवा, पॅनेलचं पोट पुरतं तापेपर्यंत. पारदर्शक झाकणाची, आतून काळी सौरपेटी वापरणार असाल तर आत थर्मामीटर ठेवून खात्री करा. अंदाजानं चालत नाही.

वाळलं हे ओळखायचं वजनावरून. दोन तासांच्या अंतरानं दोनदा वजन करा, आकडा तोच आला की झालं. ओलं असताना दीड किलोवर गेलेलं पॅनेल आता पाऊणएक किलोच्या आत येतं. बोटानं टकटक केलं तर कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा पोकळ आवाज येतो. आवाज बद्द आला तर मध्ये अजून ओल आहे.

या पॅनेलकडून अपेक्षा काय ठेवावी? ऊन-थंडी अडवण्यात ते थर्माकोलच्या जवळपास जातं. ताकदीत मात्र विटेच्या पासंगालाही पुरत नाही, दाब सोसण्याची क्षमता 0.1 ते 0.5 मेगापास्कलच्या घरात. न्यूयॉर्कमध्ये 2014 साली बुरशीच्या सुमारे 10,000 विटांचा ‘हाय-फाय’ नावाचा मनोरा उभा केला होता, त्याचे फोटो बघून भलतीच स्वप्नं पडतात. तो मनोरा एका उन्हाळ्यापुरता होता, नंतर त्या विटांचं खत केलं. सोल शहरात 2017 मध्ये बुरशीच्या भागांचं झाडासारखं एक बांधकाम झालं, त्यात भार पेलला गेला, पण तो आकाराच्या जोरावर: प्रत्येक भागावर फक्त दाब येईल, ताण किंवा वाक येणार नाही अशी त्याची भूमिती होती, आणि जोडांना बांबूच्या पट्ट्या होत्या. तुमच्या गोदामाचा भार सांगाड्यानंच पेलायचा, पॅनेलनं नव्हे.

बसवताना पॅनेलं छपराच्या पत्र्याला थेट चिकटवू नका. पत्र्याच्या आतल्या बाजूला पहाटे दव धरतं. तीन-चार सेंमीची फट सोडून, पट्ट्यांवर ठेवा, आणि त्या फटीत दोन्ही टोकांनी वारा खेळू द्या. कोंबड्यांच्या आवाक्यात असेल तर चोचीनं दोन दिवसांत चाळण होईल, तेव्हा खालून जाळी किंवा चुन्याचा पातळ गिलावा हवाच. उंदरांसाठीही तेच.

पेंढ्याच्या गासड्यांची भिंत

पॅनेलांपेक्षा जुना आणि अधिक पारखलेला मार्ग हा. अमेरिकेतल्या नेब्रास्कात, जिथे लाकूड दुर्मीळ होतं, तिथल्या लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पेंढा बांधायचं यंत्र आल्यावर गासड्याच विटांसारख्या रचल्या. त्यांतली काही घरं शंभरी ओलांडून उभी राहिली. आंतरराष्ट्रीय निवासी बांधकाम संहितेच्या 2015 च्या आवृत्तीत गासड्यांच्या बांधकामाचं स्वतंत्र परिशिष्ट आहे, म्हणजे हा आता नुसता हौशी उद्योग राहिलेला नाही. तुमच्या भागात बांधकामाला परवानगी लागत असेल तर हे परिशिष्ट सोबत न्यायला हरकत नाही.

गासडी चौकोनी, यंत्रानं घट्ट बांधलेली हवी. एका हातानं सुतळी धरून उचला. मध्ये वाकली किंवा सुतळीखाली चार बोटं सहज शिरली तर सैल आहे, परत करा. गवत किंवा हिरवा चारा बांधलेली गासडी नको. त्यात पाला आणि बी असतं, ते कुजतं आणि उंदीर येतात. दाणे झडलेलं कोरडं काडच हवं. ओल 15 टक्क्यांच्या आत असावी. 20 च्या वर गेली की बुरशीला आयतं घर.

पाया दगडाचा किंवा विटांचा, जमिनीपासून निदान दीड फूट वर. पायाच्या माथ्यावर ओल वर चढू नये म्हणून डांबराचा थर. त्यावर दोन समांतर लाकडी पट्ट्या आणि मधल्या फटीत खडी, म्हणजे चुकून पाणी आलंच तर खाली उतरेल. गासड्या विटांसारख्या सांधे चुकवून रचा, कोपऱ्यात काठ्यांनी जखडा, आणि छपराचं वजन बांबूच्या खांबांवर घ्या. नवख्या माणसानं गासड्यांवर छप्पर टेकवू नये. त्या कित्येक आठवडे दबत राहतात.

रचण्याआधी छप्पर उभं असलेलं बरं. भिंत अर्धी झाली आणि पाऊस आला, तर वरची गासडी नळीसारखं पाणी आत ओढते आणि बाहेरून काही दिसत नाही.

गिलावा तीन थरांत. पहिला पातळ चिखलाचा, काडांत हातानं चोळून जिरवायचा. दुसरा जाड, माती-वाळू-बारीक काड. तिसरा चुन्याचा. सिमेंटचा गिलावा मजबूत वाटतो खरा, पण त्याला बारीक तडे जातात, तड्यांतून पाणी शिरतं आणि ते बाहेर निघायला वाट उरत नाही; दोन-चार वर्षांत आतला पेंढा काळा पडतो. माती-चुना श्वास घेतात. गिलावा चढेपर्यंत भिंतीजवळ विडी-काडी, वेल्डिंग काहीही नको. गिलाव्याआडचा घट्ट पेंढा आगीला चांगला तोंड देतो, कारण आत हवा पोहोचत नाही. जमिनीवर विखुरलेला सुटा पेंढा मात्र क्षणात पेटतो. काम संपलं की रोज संध्याकाळी झाडलोट.

वळचण निदान दोन फूट पुढे ठेवा.

सांगाड्याचा बांबू

तीन ते पाच वर्षांचा, पक्व बांबूच तोडा. कोवळ्यात पिष्ट जास्त, त्याला भुंगा लागतो. गाठी आतून छेदून, 100 लिटर पाण्यात 3 किलो बोरॅक्स आणि 2 किलो बोरिक ॲसिड विरघळवून त्यात आठवडा-दोन आठवडे बुडवून ठेवा, मग सावलीत उभा करून वाळवा. हे द्रावण पावसानं धुऊन जातं, म्हणून असा बांबू छपराखालीच. खांब मातीत पुरायचा नाही, दगडी किंवा काँक्रीटच्या उंच ठोकळ्यावर टेकवायचा.

जे कुजायलाच हवं

मातीला टेकणाऱ्या कामांत टिकाऊपणाचा हट्ट सोडला की काडीकचरा फार उपयोगी पडतो. उतारावर पाणी माती घेऊन जात असेल, तर काडानं भरलेल्या लांब जाळीदार नळ्या किंवा फांद्यांच्या जुड्या उताराला आडव्या टाका, थोड्या मातीत रुतवून, खुंट्या मारून. गाळ अडतो, त्यात गवत धरतं, आणि नळी कुजेपर्यंत गवताची मुळं तिचं काम उचलतात. नळीची जाळी ज्यूटची किंवा काथ्याची घ्या. प्लास्टिकची घेतली तर पेंढा जातो आणि जाळी उरते.

पायवाटांवर लाकडाच्या ढलप्यांचा चार-सहा इंच थर आणि त्यात स्ट्रोफारिया या ढलप्यांवर वाढणाऱ्या अळिंबीचं स्पॉन टाकलं तर चिखल कमी होतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी तोच थर उकरून वाफ्यात घालता येतो. रोपांसाठी बुरशीच्या छोट्या कुंड्याही वर सांगितलेल्याच पद्धतीनं होतात. फक्त भिंत सेंटिमीटरभर जाड ठेवा आणि लावताना तळ फोडा, नाहीतर कोवळी मुळं आतच घुटमळतात.

पॅनेल फुटलं, जुनं झालं, तर कुस्करून खताच्या ढिगात जाऊ द्या. त्याला तैलरंग किंवा डांबर लावलेलं असेल तर मात्र नाही. बोरॅक्समध्ये भिजवलेला बांबूही ढिगात नको आणि उरलेलं द्रावणही वाफ्याजवळ ओतायचं नाही. बोरॉन थोडं असलं तर पिकाला लागतं, पण थोडं जास्त झालं की पानांच्या कडा करपायला लागतात. उरलेलं द्रावण झाकून ठेवलं तर पुढच्या खेपेच्या बांबूंना चालतं. वापरण्याआधी त्यात थोडं बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड त्याच प्रमाणात वाढवा.